वारा कमी की थंडावा कमी?

गेल्या जुलैत ताम्हिणी घाट उतरत असताना आमच्या गाडीची समोरची काच आतून अशी धुरकटली की पुढच्या गाडीचे तांबडे दिवे सोडले तर मला काहीच दिसेना. पावसाची संततधार लागली होती, आई आणि माझी मुलगी ओल्या छत्र्या पायाशी ठेवून मागे बसल्या होत्या, आणि वळणावळणाच्या त्या रस्त्यावर एका अंगाला कडा तर दुसऱ्या अंगाला दरी होती. मी ब्लोअर चौथ्या, म्हणजे सर्वांत जास्त वेगावर ठेवला होता, वारा काचेकडे वळवला होता, एसीही चालू होता. पण काचेच्या पायथ्याशी डॅशबोर्डवर जी लांबट फट असते तिच्यावर तळहात धरला, तर कुणी दुरून फुंकर घालावी तेवढाच वारा हाताला लागत होता. शेवटी चारही खिडक्यांच्या काचा चार-चार बोटे खाली घेतल्या, पाऊस आत येऊ दिला, आणि रस्ता जरा रुंद झाला तिथे धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घेतली. काच निवळायला पाच-सात मिनिटे लागली असतील. घाटातल्या पावसात हा वारा वायपरइतकाच गरजेचा असतो, आणि तो कमी झाल्याचे मी जवळजवळ सहा महिने मनावर घेतले नव्हते, हे त्या मिनिटांत मला स्पष्ट कळले.

कारण हा बिघाड त्या दिवशी अचानक उद्भवलेला नव्हता. आमची गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तिचा एसी साधा आहे: ब्लोअरचे चार वेग निवडणारा एक फिरता खटका, गरम-थंड ठरवणारा दुसरा आणि वाऱ्याची दिशा बदलणारा तिसरा. मागे बसले की वारा लागत नाही, असे आई फेब्रुवारीपासून म्हणत होती. मे महिन्यात चिपळूणला जाताना माणगावच्या पुढे वारा हळूहळू मंदावत गेला, महाडच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो, आणि पुन्हा गाडी सुरू केली तेव्हा तो बराच सुधारलेला होता. या गोष्टीचा अर्थ मी तेव्हा लावला नाही. पुण्याला परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली आणि "एसी नीट चालत नाही" एवढेच सांगितले. त्यांनी एसीतला गारवा देणारा जुना गॅस काढून मोजून नवा भरला, मी पैसे दिले, आणि वारा होता तेवढाच राहिला.

"एसी नीट चालत नाही" या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचा कोणताही खर्च करू नये, असे मला आता ठामपणे वाटते. झरोक्यांतून वारा भरपूर येतो पण तो थंड नसतो, ही पहिली तक्रार. तिचे मूळ गॅस, तो दाबणारा कॉम्प्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर किंवा कंडेन्सरचा पंखा यांत शोधावे लागते. वाराच पुरेसा येत नाही, ही दुसरी. गॅस बंद नळ्यांतून फिरतो आणि त्याचा वाऱ्याला स्पर्शही होत नाही. वारा ढकलण्याचे काम ब्लोअर नावाचा विजेवर चालणारा पंखा करतो. त्यामुळे गॅस कमी असला तरी ब्लोअरचा जोर कमी होत नाही. याला एकच अपवाद आहे, तो पुढे येईल. दोन तक्रारी वेगळ्या करण्याची रीत फार सोपी आहे: एसीचे बटण बंद करावे, तापमानाचा खटका गरमकडे न्यावा, ब्लोअर शेवटच्या वेगावर ठेवावा आणि झरोक्यावर हात धरावा. वारा तरीही क्षीणच असेल, तर त्या घटकेला गॅसचा काही संबंध नाही. हिटर हा वेगळा पंखा असलेला भाग नसतो. इंजिनातले गरम पाणी ज्यातून फिरते असा तो एक छोटा रेडिएटर असतो, आणि त्याच्यावरून जाणारा वारा त्याच ब्लोअरचा असतो. म्हणून थंड देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिवाळ्यात हिटरचा वारा मंद वाटतो, तेव्हाही शोधाची वाट जवळजवळ हीच असते.

जुलैतल्या त्या प्रवासाहून परतल्यावर मी ही चाचणी केली. वारा क्षीणच होता. मग मी एका कागदावर वाऱ्याचा गाडीतला प्रवास काढला, आणि पुढचे सगळे काम त्या रेषेवरून बोट फिरवत केले. बाहेरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली असलेल्या प्लास्टिकच्या जाळीतून आत शिरते. तिथून ती एका झडपेपाशी येते. ही झडप बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरवते. त्यानंतर बहुतेक गाड्यांत एसीचा फिल्टर, मग ब्लोअर, मग हवा गार करणारी कूलिंग कॉइल, मग हिटरचा रेडिएटर, मग काच, चेहरा आणि पाय यांच्याकडे वारा वाटून देणाऱ्या झडपा, आणि अखेरीस झरोके. काही गाड्यांत फिल्टर ब्लोअरच्या पुढे असतो. झरोक्यातून बाहेर पडल्यावरही प्रवास संपत नाही, कारण आत आलेल्या हवेला गाडीतून बाहेर पडायलाही वाट लागते. या रेषेवर जिथे अडथळा असेल तिथे वारा अडतो, आणि ब्लोअरची मोटरच बिघडली असेल किंवा तिला पुरेशी वीज मिळत नसेल तर तो मुळातच कमी निघतो. एवढ्या दोनच शक्यता आहेत.

त्या दोहोंतली कोणती, हे कानाने बरेचसे कळते. घरी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवला की त्याचा आवाज बारीक आणि चढा होतो, हे अनेकांनी ऐकलेले असेल. वाट बंद झाल्यामुळे पंख्यावरचा हवेचा भार उतरतो आणि मोटर अधिक वेगाने फिरू लागते. गाडीच्या ब्लोअरचेही तसेच आहे. आवाज नेहमीएवढा किंवा त्याहून चढा येत असेल आणि वारा मात्र कमी, तर वाटेत काहीतरी तुंबले आहे. आवाजच दबलेला असेल, खटका पुढे नेला तरी चढत नसेल, तर मोटर किंवा तिच्याकडे येणारी वीज तपासावी. आमच्या गाडीत चौथ्या वेगावर ब्लोअर घोंघावत होता, म्हणजे मोटर आपले काम करत होती. तुलना नुसत्या अंदाजाने होऊ नये म्हणून मी वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी मधल्या झरोक्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लावली; वाऱ्याने ती किती उचलली जाते ते पाहायचे आणि प्रत्येक बदलानंतर तिचे छायाचित्र काढायचे. पहिल्या दिवशी चौथ्या वेगावरही ती जेमतेम थरथरत होती.

सुरुवात काचेच्या पायथ्यापासून केली. आमची गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते, आणि गुलमोहराची पर्णिका नखाहून लहान असल्यामुळे जाळीच्या फटींतून सहज आत जाते. वायपरचे दांडे काढून, प्लास्टिकच्या खुंट्या हळूच उचकटून जाळी वर घेतली, तेव्हा खाली सुकलेल्या पाकळ्या, पर्णिका आणि त्यांचा कुजून झालेला काळा लगदा निघाला. पाणी वाहून जाण्याची भोकेही त्याने अर्धी बुजली होती. ती पूर्ण बुजली असती तर पावसाचे पाणी ब्लोअरपर्यंत पोहोचले असते. जाळी न काढताही या जागेची परीक्षा घेता येते. बाहेरची हवा घेताना वारा कमी आणि आतली हवा फिरवताना लक्षणीय जास्त येत असेल, तर अडथळा झडपेच्या आधी, म्हणजे जाळीपाशी असतो. थोडा फरक सर्वच गाड्यांत जाणवतो, म्हणून "लक्षणीय" हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी वारा सारखाच मंद होता. म्हणजे जाळी साफ करणे आवश्यक असले तरी मुख्य दोषी पुढेच होता.

तो फिल्टर निघाला. पुष्कळ लहान गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो पूर्ण खाली झुकतो आणि मागे फिल्टरचे अरुंद झाकण दिसते; अवजार लागत नाही. मी झाकण काढून फिल्टर ओढला, तेव्हा घड्यांच्या कागदाचा मूळ पांढरा रंग कुठेच दिसला नाही. वरचा थर कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या धुळीचा होता, त्याखाली पुण्याच्या रस्त्यांवरची करडी धूळ होती, आणि घड्यांच्या बेचक्यांत गुलमोहराच्या पर्णिका गच्च बसल्या होत्या. फिल्टर बाहेर ठेवून, झाकण लावून ब्लोअर चालू केला आणि कागदाची पट्टी जवळजवळ आडवी झाली. ही दोन मिनिटांची चाचणी गॅरेजमध्ये जाण्याआधी प्रत्येकाने करावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण हा फिल्टर काही शे रुपयांना मिळतो आणि तो बदलण्याचे कुणी आठवणीने सांगत नाही. आमच्या सर्व्हिसच्या पावत्या मी काढून पाहिल्या. तीन वर्षांत फिल्टर साफ केल्याची नोंद दोनदा होती, बदलल्याची एकदाही नव्हती.

साफ करणे आणि बदलणे यांत मोठा फरक आहे. हवेच्या झोताने वरची धूळ उडते, पण तंतूंच्या आत बसलेली सूक्ष्म धूळ तशीच राहते. शिवाय अशा अनेक फिल्टरांच्या तंतूंवर बारीक कण खेचून घेण्यासाठी स्थिर विद्युतभार दिलेला असतो. धुतल्यावर तो बराच नष्ट होतो, आणि फिल्टर दिसायला स्वच्छ असला तरी कामाला उणा पडतो. गाडीच्या पुस्तिकेत बदलण्याचे अंतर दिलेले असते, बऱ्याच गाड्यांत ते १० ते २० हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. पण बांधकामे चालू असलेल्या भागात किंवा कच्च्या रस्त्यांवर नेहमी जाणाऱ्यांनी किलोमीटर न मोजता दर सहा महिन्यांनी तो काढून डोळ्यांनी पाहावा. नवा बसवताना त्याच्या कडेवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो चुकवू नये. काही जुन्या गाड्यांना हा फिल्टरच दिलेला नसतो, आणि त्या गाड्यांत सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसते.

फिल्टर बदलल्यावरही मी ब्लोअर उतरवून पाहिला. तो बहुधा तीन स्क्रूंवर टांगलेला असतो आणि खालून काढता येतो. पण या जागेजवळ डाव्या बाजूची एअरबॅग आणि तिच्या तारा असतात. त्या तारांचे जोड पिवळ्या रंगाचे असतात आणि त्यांना हात लावू नये. मी आधी बॅटरीची ऋण तार काढली, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबले आणि मगच कामाला लागले; ज्यांना याची खात्री वाटत नाही त्यांनी हे काम माहितगाराकडूनच करवून घ्यावे. ब्लोअरचा पंखा घराच्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो. तो अनेक अरुंद, वळलेल्या पात्यांचा पिंजरा असतो, आणि त्या पात्यांच्या खोबणींत धुळीचा थर बसला की मोटर तेवढीच फिरूनही वारा कमी फेकते. जुन्या दातब्रशने एकेक पाते घासायला मला अर्धा तास लागला. पिंजऱ्यात पान अडकले तर खडखड ऐकू येते. मोटरचे बुश कोरडे पडले तर थंडीच्या सकाळी चिरचिर येते. आणि मोटर बंद पडून तिच्या घरावर हलकेच ठोकल्यावर पुन्हा फिरू लागत असेल, तर कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे. झाडाखाली किंवा बंद शेडमध्ये बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदीर इथेच चिंध्या आणि कापूस आणून घर करतात, आणि त्याची पहिली वर्दी वाऱ्याबरोबर येणारा वास देतो.

विजेच्या बाजूचा अनुभव मला माझ्या धाकट्या भावाच्या गाडीने दिला, म्हणून त्याविषयीही लिहिते. त्याच्या गाडीत पहिले तीन वेग मेले होते आणि चौथा मात्र पूर्ण जोरात चालत असे. हे लक्षण इतके बोलके आहे की ते ऐकल्यावर दुसरे काही तपासण्याची गरज फारशी उरत नाही. हाताने वेग निवडायच्या साध्या एसीत कमी वेग मिळवण्यासाठी मोटरच्या वाटेत रेझिस्टर घातलेले असतात, तिथे काही विद्युतदाब खर्ची पडतो आणि मोटर हळू फिरते. चौथ्या वेगावर वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून रेझिस्टर जळला तरी शेवटचा वेग शाबूत राहतो. हा भाग तापतो, आणि त्याला थंड ठेवण्यासाठी तो मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. तुंबलेल्या फिल्टरमुळे मोटरवर ताण येऊन रेझिस्टर जळतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण वाट तुंबल्यावर अशा पंख्याची मोटर उलट कमी वीज ओढते. रेझिस्टरला गारवा देणारा वाराच नाहीसा होतो, हे त्याच्या जळण्याचे खरे कारण असते. मोटर जड फिरत असेल तर मात्र ती खरोखरच जास्त वीज ओढते, आणि तेव्हा नुसता रेझिस्टर बदलला तर नवाही जळतो. भावाच्या गाडीत रेझिस्टरला जोडलेला प्लास्टिकचा जोडही तपकिरी होऊन वितळला होता, तो बदलल्याशिवाय काम पुरे झाले नसते. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीत या रेझिस्टरच्या जागी वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. तिथे हे लक्षण असेच दिसेल असे नाही.

मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजणारे उपकरण, जवळ असेल तर संशय उरत नाही. ब्लोअर शेवटच्या वेगावर चालू असताना त्याच्या जोडाच्या दोन तारांवर दाब मोजावा. इंजिन चालू असताना तो बॅटरीच्या दाबाच्या जवळपास, म्हणजे साधारण १३.५ ते १४ व्होल्ट असावा. तो १० व्होल्ट भरला तर दोष तारांत, रिलेत, खटक्यात किंवा अर्थिंगच्या जोडात आहे. दाब पूर्ण असून मोटर मंद असेल तर मोटरच बदलावी लागेल. दाब पूर्ण, मोटर जोरात आणि वारा कमी, तर पुन्हा अडथळ्याकडे वळावे.

जाळी, फिल्टर आणि ब्लोअर साफ झाल्यावर शहरात वारा उत्तम येऊ लागला, आणि काम झाले असे मी धरून चालले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला जाताना सातारा मागे पडल्यावर तो पुन्हा मंदावू लागला. या वेळी मी लक्ष ठेवून होते. ब्लोअरचा आवाज तसाच होता, झरोक्यांतून अधूनमधून पांढुरका वाफारा येत होता, आणि मग वारा जवळजवळ थांबला. कऱ्हाडला थांबलो तेव्हा गाडीखाली नेहमीच्या थेंबांऐवजी पाण्याची धार लागली होती. वीस मिनिटांनी वारा पूर्ववत. मे महिन्यात महाडच्या अलीकडे घडलेली गोष्ट ही हीच होती.

एसीच्या कामात मुरलेल्या एका वयस्क मेकॅनिकना मी हे सगळे क्रमाने सांगितले, आणि त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच निदान केले. "ताई, कॉइलवर बर्फ धरतोय. पुढच्या वेळी वारा कमी झाला की एसीचं बटण बंद करा आणि नुसता ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला, तर बर्फच समजा." गॅसविषयी जो अपवाद मी वर म्हटला तो इथे येतो. कूलिंग कॉइल म्हणजे ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ, दाट पत्र्यांची जाळी. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन ठिबकते आणि नळीने गाडीखाली जाते. कॉइलचे तापमान शून्याच्या खाली गेले तर ते पाणी पत्र्यांच्या मधेच गोठते, वाट बंद होते, वारा कमी झाल्याने कॉइल आणखी थंड होते आणि बर्फ वाढतच जातो. हे टाळण्यासाठी कॉइलमध्ये तापमान ओळखणारा एक छोटा थर्मिस्टर खोवलेला असतो. तापमान गोठणबिंदूच्या जरा वर असतानाच तो कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. तो बिघडला किंवा जागेवरून निसटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. गॅस थोडा कमी असेल तर कॉइलमधला दाब उतरतो आणि तिचा काही भाग गोठू शकतो. फिल्टर तुंबला तरी कॉइलला पुरेशी ऊब मिळत नाही आणि तेच होते. आमच्याकडे गॅस मे महिन्यातच मोजून भरलेला होता, फिल्टर नवा होता, तेव्हा उरला थर्मिस्टर.

त्यांनी तो काढून माझ्यासमोर तपासला. बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात बुडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला; चांगल्या थर्मिस्टरचा रोध गारठ्यात बराच वाढतो, आमच्या थर्मिस्टरचा जेमतेम हलला. म्हणजे कॉइल गोठत असताना तो "अजून थंड झालेले नाही" असाच निरोप देत होता. सुटा भाग स्वस्त होता, मजुरी त्याहून जास्त पडली, आणि दोन्ही मिळूनही मे महिन्यातल्या गॅसच्या बिलापेक्षा रक्कम कमीच भरली. गॅसचे काम कुणी घरी करू नये, हे मात्र स्पष्टपणे सांगते: अनेक गाड्यांत अजूनही असलेला आर-१३४ए हा वायू सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्याचा द्रव त्वचेवर उडाला तर इजा होते, आणि तो हवेत सोडणे पर्यावरणालाही घातक असते. गाडीत तो किती ग्रॅम भरायचा हे बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि भरणाऱ्याने वजन करूनच भरावे असा आग्रह आपण धरावा.

उरलेल्या जागा थोडक्यात सांगते, कारण त्या क्वचित दोषी ठरतात. चेहऱ्याकडे वारा कमी पण पायांकडे किंवा काचेकडे भरपूर असेल, तर दिशा बदलणारी झडप अडकलेली असते. डॅशबोर्डच्या आतून सतत टकटक येत असेल तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते गेलेले असतात. एकाच झरोक्यातून वारा येत नसेल तर त्याच्यामागची नळी सुटलेली असू शकते. म्युझिक सिस्टिम बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर आधी तिथेच पाहावे. आणि हवेची बाहेर पडण्याची वाट मागच्या बंपरआड, डिकीच्या बाजूला एकदिशा झडपांच्या रूपाने असते. बाहेरची हवा घेत असताना खिडकी दोन बोटे उघडल्याबरोबर झरोक्याचा वारा वाढत असेल, तर ती मागची वाट सामानाने किंवा अस्तराने बुजली आहे.

कॉइल स्वतःच धुळीने माखलेली असते तेव्हा काम अवघड होते. ओल्या पत्र्यांवर बसलेली धूळ चिखलासारखी चिकटते, त्यातून कुबट वास येतो, आणि खूपच तुंबली असेल तर कॉइल काढून धुण्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याआधी फिल्टरच्या जागेतून किंवा पाणी जाण्याच्या नळीतून कॉइलपर्यंत फेस सोडून पाहता येतो. आमच्या कॉइलवर मेकॅनिकनी बारीक कॅमेरा घालून पाहिले. एका कडेला धुळीचा पट्टा आहे, बाकी जाळी मोकळी आहे. या वर्षी ती तशीच ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला आणि मला तो पटला, कारण उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा आवाज न करता बसेलच असे नाही.

पावसाळ्यातल्या धुरकट काचेविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण माझी सुरुवात तिथून झाली. आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ पावसाने थंड झालेल्या काचेवर आतून जमते. ती घालवण्यासाठी वारा काचेकडे, झडप बाहेरच्या हवेवर आणि एसी चालू ठेवावा, कारण कॉइलवरून जाताना हवा कोरडी होते. त्याच वेळी तापमानाचा खटका थोडा गरमकडे नेला तर काचही उबदार होते आणि वाफ पुन्हा धरत नाही. आतलीच हवा फिरवत ठेवणे पावसात टाळावे. कोकणात दमट हवेत एसी फार थंड ठेवला तर उलट काचेच्या बाहेरून धुके धरते. ते वायपरने पुसले जाते, आणि तापमान जरा वाढवले की थांबते. आतून की बाहेरून, हे काचेवर बोट फिरवून लगेच कळते.

गणपतीला आम्ही पुन्हा ताम्हिणीतूनच गेलो. पाऊस होता, ओल्या छत्र्याही होत्या. मधल्या झरोक्यावर वर्तमानपत्राची नवी पट्टी मी निघतानाच लावली होती आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम मुलीकडे दिले होते. ब्लोअर दुसऱ्या वेगावर होता. घाटात जेवढा वेळ वारा काचेकडे वळवला तेवढा वेळ पट्टी खाली लोंबत राहिली आणि काच स्वच्छ होती. माणगावला वारा पुन्हा समोर घेतला तेव्हा ती उचलली गेली, आणि चिपळूणच्या घराच्या दारात इंजिन बंद करेपर्यंत तशीच आडवी राहिली.